टोमॅटोची मर आणि एक मिलिग्रॅम तांबे

फ्युजेरियम या बुरशीमुळे होणाऱ्या टोमॅटोच्या मर रोगावर नॅनो-कणांचा, म्हणजे धातूंच्या अतिसूक्ष्म कणांचा, उपाय हा विषय गेल्या काही वर्षांत शोधनिबंधांतून निघून कृषी सेवा केंद्रांच्या फळीपर्यंत पोहोचला आहे. ‘नॅनो कॉपर’, ‘नॅनो सिल्व्हर’ अशा नावांच्या बाटल्या हातात घेऊन ‘हे सोडले तर मर थांबेल का’ असे विचारणारे शेतकरी मला आता वरचेवर भेटतात. वनस्पती-रोगशास्त्र शिकल्यामुळे आणि स्वतः जुन्नर तालुक्यात टोमॅटोचे पीक घेत असल्यामुळे या प्रश्नाकडे मला दोन्ही बाजूंनी पाहावे लागते. माझे मत असे झाले आहे की या कणांचा टोमॅटोला जो काही खरा उपयोग होतो, तो बुरशी मारण्यात थोडा आणि रोपाची स्वतःची संरक्षणयंत्रणा लागण होण्यापूर्वी सज्ज करण्यात बराच असतो. हे मान्य केले, तर झाडे पिवळी पडल्यावर ठिबकमधून सोडलेले नॅनो-द्रावण आणि रोपवाटिकेत ट्रेवर फवारलेले तेच द्रावण यांचा एकमेकांशी जवळजवळ काहीही संबंध उरत नाही.

आधी रोगाविषयी. या बुरशीचे शास्त्रीय नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम असून टोमॅटोवर येणाऱ्या तिच्या रूपाला लायकोपर्सिसी म्हणतात. या रोगाचे पहिले वर्णन 1895 मध्ये इंग्लंडमध्ये मॅसी यांनी केले. बुरशी जमिनीत राहते, मुळांच्या टोकांतून किंवा उपमुळे फुटताना पडणाऱ्या बारीक जखमांतून आत शिरते आणि थेट जलवाहिन्यांत मुक्काम करते. तेथे तयार होणारे तिचे सूक्ष्म बीजाणू वर चढणाऱ्या पाण्याबरोबर पुढच्या पेरापर्यंत जातात, तेथे रुजतात, पुन्हा बीजाणू सोडतात. झाडही गप्प बसत नाही. बुरशीला अडवण्यासाठी ते स्वतःच्याच जलवाहिन्यांत चिकट पदार्थ आणि फुगवटे तयार करून त्या बंद करू पाहते. क्षार साचलेल्या ठिबकच्या नळीत जे होते तेच येथे होते: मोटर चालू, वाफ्यात पाणी पुरेसे, आणि तरीही शेंड्याला थेंब पोहोचत नाही.

खालची पाने पिवळी पडतात, तीही अनेकदा एकाच बाजूची; कधी तर एकाच पानाच्या शिरेच्या एका बाजूची पर्णिका पिवळी आणि दुसऱ्या बाजूची हिरवी दिसते. झाड दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी सावरते, असे काही दिवस चालते आणि मग ते सावरत नाही. बुंधा उभा चिरला तर सालीच्या आत तपकिरी रेषा दिसतात. या रेषा पाहिल्याशिवाय औषधाची चर्चा करू नये, असा माझा आग्रह असतो. कारण रालस्टोनिया या जिवाणूमुळे होणारी मरही बांधावरून तशीच दिसते. तिची परीक्षा सोपी आहे. खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात उभा धरला आणि काही मिनिटांत त्यातून दुधाळ धागे खाली सुटू लागले, तर ते काम जिवाणूचे आहे. कोकणात आणि गोव्यात, आम्लधर्मी जांभ्या जमिनीत, हीच मर प्रामुख्याने त्रास देते. जिवाणूची मर असलेल्या शेतात बुरशीचा उपाय करण्यात अर्थ नाही, मग तो नॅनो असो वा नसो. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकर जिवाणूजन्य मरीला प्रतिकारक आहे, म्हणून तो फ्युजेरियमलाही दाद देणार नाही असे गृहीत धरणारे अनेक जण आहेत. तसा दावा त्या संकराबाबत नाही.

फ्युजेरियमशी लढणे अवघड का आहे, याची दोन कारणे नॅनोच्या चर्चेत महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे ही बुरशी जाड भिंतीचे विश्रांतीचे बीजाणू तयार करते आणि ते यजमान पिकाशिवायही जमिनीत अनेक वर्षे तग धरतात. एक-दोन हंगामांच्या फेरपालटाने त्यांची संख्या घटते, नायनाट होत नाही. दुसरे कारण औषधांच्या हालचालीचे आहे. आपली बहुतेक आंतरप्रवाही बुरशीनाशके झाडात खालून वर जातात. पानांवर फवारलेले कार्बेन्डाझिम मुळांकडे उतरत नाही. खाली उतरणारी फॉसेटिल-अ‍ॅल्युमिनियमसारखी मोजकी रसायने आहेत, पण ती फायटोफ्थोराच्या गटासाठी उपयोगी आहेत, फ्युजेरियमसाठी नाहीत. आळवणीने, म्हणजे मुळाशी ओतून, दिलेले कॉपर ऑक्सिक्लोराइड चिकणमातीला आणि सेंद्रिय पदार्थाला चिकटून वरच्याच थरात अडकते. म्हणजे बुरशी आहे जलवाहिनीच्या आत आणि आपले औषध आहे पानावर किंवा मातीत. झाड पिवळे पडलेले दिसते तेव्हा हा डाव बराच पुढे गेलेला असतो.

आता कणांकडे येऊ. साधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनो-कण म्हणतात. या आकारात नेमके काय बदलते, हे एका साध्या गणिताने कळते. एक सेंटिमीटर बाजूचा धातूचा ठोकळा घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ 6 चौरस सेंटिमीटर भरते. तोच ठोकळा 10 नॅनोमीटर बाजूच्या चौकोनी कणांत तोडला, तर एकूण क्षेत्रफळ 600 चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ 6 गुंठे. धातू तेवढाच राहतो, मात्र भोवतालच्या पाण्याशी, पेशीशी, मुळाशी त्याचा संबंध येणारी जागा दहा लाख पट होते. चांदीचे, तांब्याचे किंवा जस्ताचे कण बुरशीच्या पेशीभित्तिकेला चिकटतात, हळूहळू विद्राव्य आयन सोडतात, पेशीच्या आत ऑक्सिजनची आक्रमक संयुगे वाढवतात आणि पटल फोडतात, अशी ही यंत्रणा सर्वसाधारणपणे सांगितली जाते आणि प्रयोगशाळेत ती दिसतेही.

फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या प्रजातीचा आणि नॅनो-कणांचा संबंध महाराष्ट्रासाठी नवा नाही, आणि त्यात एक गमतीदार विरोधाभास आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवून दिले की चांदीच्या आयनांच्या द्रावणात फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ठेवली, तर ती पेशीबाहेर सोडलेल्या विकरांच्या (एन्झाइमच्या) साह्याने 5 ते 15 नॅनोमीटरचे, दीर्घकाळ स्थिर राहणारे चांदीचे कण तयार करते. ज्या प्रजातीच्या एका रूपाने आमच्या पट्ट्यात टोमॅटोचे प्लॉट उद्ध्वस्त केले, तीच प्रजाती नॅनो-कणांचा कारखाना म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटानेही बुरशीपासून कण तयार करण्याच्या या वाटेवर दीर्घकाळ काम केले आहे. मला या कामाचे दुसरे एक महत्त्व वाटते. जी बुरशी चांदीचे आयन निष्क्रिय धातूत बदलू शकते, ती चांदीपुढे अगदीच असहाय असेल असे समजणे धाडसाचे आहे.

तरीही सर्वाधिक शोधनिबंध निघतात ते चांदीवर आणि त्यांची पद्धतही आता ठरून गेलेली आहे. कडुनिंबाचा, तुळशीचा किंवा आणखी कोणत्या तरी पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिसळायचा, द्रावण तपकिरी होते ते पाहायचे, वर्णपटमापकावर 420 नॅनोमीटरच्या आसपासचे शिखर दाखवायचे आणि मग बटाटा-डेक्स्ट्रोज-आगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमाच्या बशीत बुरशीची वाढ किती टक्के रोखली गेली याचा तक्ता द्यायचा. बशीत बुरशी रोखणे हे काही मोठे यश नाही. पुरेशा मात्रेत बहुतेक जड धातू ते करतात. प्रश्न पुढचा असतो. शेतातल्या पाण्यात क्लोराइड असते, त्याच्याशी संयोग होऊन चांदी तळाशी बसते. मातीत गंधकाची संयुगे असतात, त्यांच्याशी संयोग होऊन ती सिल्व्हर सल्फाइड बनते आणि तिची धार जाते. जी चांदी उरते, तिला फ्युजेरियम आणि ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी यांतला फरक कळत नाही. नत्राचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही ती सोडत नाही. स्वस्त नसलेला, झाडाला अन्नद्रव्य म्हणून न लागणारा आणि ओढ्या-नाल्यातील जलचरांना घातक असलेला धातू टोमॅटोच्या वाफ्यात ओतावा, असे मला आजवरच्या पुराव्यावरून वाटत नाही.

बशी, कुंडी आणि शेत यांतील उतरंड पाहायची असेल, तर उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी विद्यापीठातील सहारण आणि सहकाऱ्यांचे 2015 चे काम पाहण्यासारखे आहे. त्यांनी कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानमध्ये तांबे बांधून नॅनो-कण तयार केले. त्यांच्या 0.12 टक्के द्रावणाने बशीत फ्युजेरियमच्या बीजाणूंचे अंकुरण 83 टक्के आणि तंतूंची वाढ 73.5 टक्के रोखली. कुंडीतल्या टोमॅटोवर मर रोगाचे नियंत्रण 61.1 टक्के मिळाले. निर्जंतुक बशीतून कुंडीत आल्यावरच आकडा इतका उतरतो, तर शेतात तो कुठे जाईल याचा अंदाज प्रत्येकाने बांधावा. मात्र हे 61 टक्के कमी नाहीत, आणि कायटोसान निवडण्यामागे एक शहाणपण आहे. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते आणि कायटोसान त्याच्याच कुळातले आहे. त्याचे तुकडे भेटले की झाडाला बुरशी आल्याची चाहूल लागते आणि ते संरक्षक विकर तयार करू लागते. याच कुळातील तांबे-कायटोसान कणांनी मक्यामध्ये संरक्षक विकरांची पातळी वाढते, हे त्या गटाच्या 2017 च्या कामातही आले आहे. म्हणजे कण बुरशीला मारतो की झाडाला जागे करतो, हा प्रश्न येथेच उभा राहतो.

त्याचे मला सर्वांत पटलेले उत्तर अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रातून आले. वेड एल्मर हे रोगशास्त्रज्ञ आणि जेसन व्हाइट हे रसायनशास्त्रज्ञ यांनी 2016 मध्ये टोमॅटो आणि वांग्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोवळ्या रोपांच्या पानांवर तांबे, मँगेनीज आणि जस्त यांच्या ऑक्साइडचे नॅनो-कण एकदाच फवारून ती रोपे रोगट माध्यमात लावली, तेव्हा टोमॅटोत फ्युजेरियमची तीव्रता ढोबळमानाने 30 टक्क्यांच्या आसपास घटली. वांग्यात, व्हर्टिसिलियम या दुसऱ्या मर-बुरशीच्या जमिनीत, त्यांनी एक नेमकी तुलना केली. तेच कॉपर ऑक्साइड मोठ्या कणांच्या रूपात आणि तेच तांबे सल्फेटच्या रूपात दिले, तर नॅनो-रूपाइतका परिणाम मिळाला नाही. आणि नॅनो-रूप मिळालेल्या रोपांच्या मुळांत तांबे सुमारे एक-तृतीयांशाने जास्त आढळले. फवारणी पानावर, वाढ मुळात. तांब्याची साधी संयुगे पानातून मुळाकडे फारशी उतरत नाहीत, हे जुने ज्ञान आहे. कॉपर ऑक्साइडचे नॅनो-कण मात्र जलवाहिनीतून वर आणि रसवाहिनीतून पुन्हा खाली प्रवास करतात, हे मक्यावर 2012 मध्येच दाखवले गेले होते.

पुढे 2018 मध्ये एल्मर यांच्या गटाने कलिंगडाच्या फ्युजेरियम मरीवर काम केले आणि त्यात या लेखाच्या दृष्टीने निर्णायक ठरावी अशी गोष्ट आढळली. कॉपर ऑक्साइडच्या नॅनो-कणांनी बशीतल्या बुरशीची वाढ रोखली नाही, आणि तरीही शेतात त्याच कणांच्या फवारणीने रोग घटला, उत्पादन वाढले. झाडाच्या आत पाहिले तर पॉलिफिनॉल ऑक्सिडेजसारख्या संरक्षक जनुकांची हालचाल वाढलेली होती. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांब्यावर चालणारे विकर आहे. मुळाच्या पेशीभित्तिका जाड करणारे लिग्निन तयार होताना काम करणारे लॅकेज हे विकरही तांब्यावरच चालते. मुळात तांबे कमी असेल, तर बुरशी दारात आल्यावर ही यंत्रणा हळू चालते. तांबे हाताशी असेल, तर ती वेळेवर चालते. मग या कणाला बुरशीनाशक म्हणण्यापेक्षा मुळापर्यंत पोहोचणारे सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणणे अधिक रास्त आहे.

हे स्पष्टीकरण पटले की मात्रेचे गणित बदलते आणि माझ्या मते सगळा विषय याच गणितात आहे. एक एकर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर सुमारे 9 लाख किलो वजनाचा असतो. कण बुरशीला मातीतच गाठून मारणार असे मानले आणि त्यासाठी दर किलो मातीत केवळ 50 मिलिग्रॅम कण लागतील असे धरले, तर एकरी 45 किलो नॅनो-कण लागतील. इतके तांबे दरवर्षी घालत राहणे जमिनीला परवडणार नाही. युरोपीय महासंघाने तांब्याच्या फवारण्यांना घातलेली मर्यादा सात वर्षांत मिळून हेक्टरी 28 किलो आहे. आता दुसरी बाजू पाहा. सुकलेल्या झाडात तांब्याचे प्रमाण साधारण 5 ते 20 पीपीएम, म्हणजे किलोमागे 5 ते 20 मिलिग्रॅम, असले की टोमॅटोचे भागते. 100 ग्रॅम शुष्क भाराच्या झाडात 10 पीपीएम म्हणजे बरोबर 1 मिलिग्रॅम तांबे. रोपवाटिकेतल्या प्रत्येक रोपाला लिटरला 500 मिलिग्रॅम कण असलेले द्रावण 2 मिलिलिटर मिळाले, तर रोपावर 1 मिलिग्रॅम कण पडतात. कॉपर ऑक्साइडमध्ये चार-पंचमांश तांबे असते, म्हणजे झाडाच्या गरजेच्या जवळपास सगळे तांबे त्यात आले. पाच बाय दीड फुटांच्या लागवडीला एकरी सुमारे 6000 रोपे धरली, तर द्रावण लागेल 12 लिटर आणि कण लागतील 6 ग्रॅम. एका बाजूला 45 किलो आणि दुसऱ्या बाजूला 6 ग्रॅम.

नॅनो युरियावर जो आक्षेप घेतला जातो, तो येथे लागू होत नाही हेही याच गणितातून दिसते. नॅनो युरिया 2021 मध्ये बाजारात आला तेव्हा 4 टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र होते 20 ग्रॅम, आणि 45 किलोच्या गोणीत 20 किलोंहून अधिक. पिकाला नत्र किलोंनी लागते, त्यामुळे एक बाटली गोणीची जागा कशी घेईल ही शंका रास्तच होती. तांबे मिलिग्रॅमने लागते. जेथे गरजच मिलिग्रॅमची आहे आणि अडचण केवळ पोहोचवण्याची आहे, तेथे लहान आकाराचा दावा गणितात बसतो.

आपल्या जमिनींच्या संदर्भात हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. फ्युजेरियमविषयीचा पाठ्यपुस्तकी सल्ला बराचसा फ्लोरिडाच्या आम्लधर्मी वालुकामय जमिनींतून आलेला आहे: चुना टाकून सामू (पीएच) 6.5 ते 7 पर्यंत न्यावा आणि अमोनियमऐवजी नायट्रेट स्वरूपातले नत्र द्यावे. त्यातला नायट्रेटचा भाग आपल्याकडेही उपयोगाचा आहे; चुन्याचा नाही, कारण जुन्नर, संगमनेर, निफाड या पट्ट्यातील काळ्या जमिनींचा सामू आधीच 7.5 ते 8.5 च्या दरम्यान आणि चुनखडी भरपूर. अशा जमिनीत जस्त, लोह, मँगेनीज आणि काही प्रमाणात तांबे असूनही मुळांना मिळत नाही. मातीला वळसा घालून पानांतून मुळांपर्यंत अन्नद्रव्य पोहोचवण्याचा मार्ग अशा जमिनीत अधिक उपयोगी ठरावा, असे मला तर्काने वाटते. याला अपवाद असा की ज्या रानात आधी द्राक्षबाग होती आणि वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण हे तांब्याचे बुरशीनाशक पडले आहे, तेथे तांब्याची तपासणी केल्याशिवाय आणखी तांबे देऊ नये.

सेरियम या धातूचा उल्लेख केवळ एका कारणासाठी करतो. टेक्सास विद्यापीठाच्या एल पासो येथील गटाने 2018 मध्ये टोमॅटोवरच सेरियम ऑक्साइडचे नॅनो-कण लिटरला 250 मिलिग्रॅम या प्रमाणात वापरले. मातीतून दिल्यावर फ्युजेरियम मरीची तीव्रता 53 टक्के आणि पानांवर फवारल्यावर 57 टक्के घटली. सेरियमचे विद्राव्य क्षार त्याच मात्रेत दिले तेव्हा हेच आकडे 35 आणि 41 होते. सेरियम झाडाचे अन्न नाही, त्यामुळे येथे पोषणाचे स्पष्टीकरण चालत नाही. कणाच्या पृष्ठभागाची ऑक्सिजनच्या आक्रमक संयुगांशी होणारी देवाणघेवाण हे कारण असावे. पण पानांवरची फवारणी मुळातल्या रोगावर आळवणीपेक्षा किंचित का होईना सरस ठरते, ही बाब येथेही तशीच राहते. सिलिका आणि जस्त यांविषयीचे निष्कर्षही साधारण याच दिशेने जातात, म्हणून त्यांचा विस्तार करत नाही.

व्यवहारात उतरताना सर्वांत दुर्लक्षित बाब पाण्याची आहे. नॅनो-कण द्रावणात सुटे राहतात ते त्यांच्या पृष्ठभागावरील समान विद्युतभारामुळे. ते एकमेकांना दूर ढकलतात. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा भार निकामी करतात, कण एकमेकांना चिकटतात आणि बघता बघता नॅनोचे मायक्रो होते. मग आपण महाग किमतीला साधे कॉपर ऑक्साइड फवारत असतो. एका काचेच्या बरणीत बोअरचे आणि दुसरीत आरओचे पाणी घेऊन दोन्हींत तेवढेच औषध मिसळून रात्रभर ठेवले, तर पहिलीच्या तळाशी साका बसतो की नाही हे सकाळी दिसते. रोपवाटिकेच्या फवारणीला एकराच्या रोपांसाठी 12 लिटरच पाणी लागते. गावात 20 लिटरचा आरओ जार सहज मिळतो. ठिबकमधून एकरभर सोडायचे ठरवले, तर ही सोय उरत नाही, आणि ठिबकच्या टाकीत फॉस्फोरिक अ‍ॅसिड असेल तर कॉपर ऑक्साइडचे कण त्यात विरघळून साधा क्षार बनतो, हे निराळेच. फवारणी करणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालावेत, आणि पावडर स्वरूपातील माल तर रोपवाटिकेच्या बंद शेडमध्ये उघडूच नये. श्वासावाटे जाणारे इतके बारीक कण फुप्फुसात खोलवर पोहोचतात.

बाटली विकत घेतानाही थोडी चौकशी करावी. रोग नियंत्रणाचा दावा करणारे कोणतेही उत्पादन विकायचे, तर 1968 च्या कीटकनाशक कायद्यानुसार केंद्रीय मंडळाच्या नोंदणी समितीकडे त्याची नोंदणी लागते, आणि लेबलावर पिकाचे व रोगाचे नाव लागते. नॅनो-आधारित कृषी उत्पादनांचे मूल्यमापन कसे करावे, याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत कणाचा आकार, स्थिरता, विषारीपणा यांच्या चाचण्यांची अपेक्षा आहे. एका विक्रेत्याने मला दिलेल्या बाटलीवर धातूचे प्रमाण नव्हते, कणाचा सरासरी आकार नव्हता, नोंदणी क्रमांक नव्हता. ‘सर्व प्रकारच्या मरीवर शंभर टक्के’ एवढेच ठळक होते. ती मी परत केली. आकार आणि धातूचे प्रमाण या दोन गोष्टी ज्यावर छापलेल्या नाहीत, त्याची मात्रा काढणे कोणालाही शक्य नाही.

आणि नॅनो-कण मिळाले म्हणून जुनी कामे रद्द होत नाहीत. प्रतिकारक वाण हा अजूनही पहिला उपाय आहे. या बुरशीच्या तीन रेस, म्हणजे कोणत्या वाणांवर रोग करतात त्यावरून ठरणारे प्रकार, ज्ञात आहेत. दुसरी 1945 मध्ये अमेरिकेत ओहायोत आणि तिसरी 1978 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये आढळली. पहिल्या दोघींविरुद्धची प्रतिकारक जनुके बारीक फळांच्या पिंपिनेलिफोलियम या रानटी टोमॅटोतून आणि तिसरीविरुद्धचे पेनेली या दुसऱ्या रानटी प्रजातीतून आले. बियाण्याच्या पाकिटावर एफ-ओ-एल या अक्षरांपुढे 0, 1, 2 असे आकडे असतील, तर ते अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या रेसला प्रतिकार असल्याचे दाखवतात. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी मात्र हा प्रतिकारही ढिला करू शकते, म्हणून मर दिसली की मुळे उपटून गाठी आहेत का हे पाहिलेच पाहिजे. मुळात सूत्रकृमीचा त्रास असेल तर रोपाला दिलेले तांबे कोणत्या उपयोगाचे? जेथे टोमॅटोवर टोमॅटो घेणे टळत नाही, तेथे जागतिक भाजीपाला केंद्राच्या ईजी 203 सारख्या वांग्याच्या खुंटावरील कलमी रोपे वापरणे हा खर्चिक पण भक्कम मार्ग आहे. ट्रायकोडर्मा द्यायचा तो कोकोपीटमध्ये आणि लागणीच्या वेळी मुळाशी द्यावा, आणि धातूच्या कणांची फवारणी पानांपुरती, थेंब ट्रेमध्ये न ओघळेल इतकीच ठेवावी. दोन्ही एकाच टाकीत कालवू नयेत.

ज्यांना हे करून पाहायचे आहे, त्यांना मी एवढेच सुचवतो की सगळ्या ट्रेंवर फवारणी करू नये. रोपे पुनर्लागणीच्या आठवडाभर आधी तीन गटांत विभागावीत: एका गटावर कॉपर ऑक्साइडचे नॅनो-द्रावण, दुसऱ्यावर तेवढेच तांबे देणारे साधे कॉपर ऑक्सिक्लोराइड, तिसऱ्यावर नुसते पाणी. दुसरा गट वगळू नये, कारण नॅनोसाठी मोजलेली जादा किंमत वसूल झाली की नाही हे तोच सांगतो. शेतात हे तीन गट सलग पट्ट्यांत न लावता ओळीआड लावावेत. मर चट्ट्याचट्ट्याने येते आणि एखादा गट नेमका चट्ट्याबाहेर पडला तर खोटा निष्कर्ष निघतो. ओळींना वेगवेगळ्या रंगाच्या सुतळ्या बांधाव्यात, तोड्याला प्रत्येक गटाचे क्रेट वेगळे मोजावेत, आणि शेवटच्या तोड्यानंतर झाडे उपटताना प्रत्येक ओळीतील ठरावीक झाडांचे बुंधे चिरून तपकिरी रेषा किती उंचीपर्यंत चढली आहे ते फूटपट्टीने मोजून लिहून ठेवावे. वरून हिरव्या दिसणाऱ्या झाडांचे बुंधेही चिरावेत, कारण फरक पडला असेल तर तो बहुतेक तेथेच दिसेल. चिरलेली झाडे मात्र बांधावर न टाकता रानाबाहेर नेऊन जाळावीत.